पाठकोरा कागद

आमच्या शाळेत कागद कधी पुरला नाही. दोन शिक्षक, चार वर्ग, बावीस पोरं आणि वर्षाकाठी मोजके रिम, त्यातला निम्मा कागद वरून आलेली पत्रं आणि त्यांची उत्तरं ह्यातच उडायचा. म्हणून हेडसरांनी एक नियम घातला होता. एका बाजूनं लिहिलेला कागद टाकायचा नाही. झालेल्या चाचण्या, चुकलेली पत्रकं, जुन्या नोटिसा, सगळं टेबलाच्या उजव्या खणात जायचं आणि पाठकोऱ्या बाजूवर पुढचं काम व्हायचं. मला तो नियम इतका आवडला की घरी किराण्याची यादीसुद्धा मी लग्नपत्रिकांच्या मागं करायला लागले. नवरा चिडवायचा, हिच्या वह्या म्हणजे गावभरचं लग्नकार्य. काटकसरीचा तेव्हा मला मोठा अभिमान होता. आता नाही, आणि त्याचं कारण सांगणं मला जड जातंय.

गोष्ट अकरा-बारा वर्षांपूर्वीची. मी जुन्या जालन्यात राहायची, अजूनही तिथंच राहते. सकाळी अंबडकडं जाणारी बस धरायची, फाट्यावर उतरायचं आणि तिथून शाळेपर्यंत चालायचं. शाळेत पुस्तकांचं एक लोखंडी कपाट होतं. चांगली तीनेकशे पुस्तकं होती त्यात, रंगीत, मोठ्या अक्षरांची. कपाटाला कुलूप. का, तर पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर तपासणीत उत्तर कोण देणार? वर्षातून एकदा वाचनाचा दिवस आला की कुलूप उघडायचं, पोरांच्या हातात एकेक पुस्तक द्यायचं, ओळीत बसवून फोटो काढायचा आणि फोटो ग्रुपवर टाकला की पुस्तकं मोजून परत आत. एका वर्षी पहिलीतल्या पोराच्या हातातलं पुस्तक उलटं होतं आणि तसाच फोटो गेला. खाली सत्तर अंगठे आले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी वैतागायची, हेडसरांशी भांडायची आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच करायची.

त्या वर्षी तालुक्यावरून निरोप आला की एका दिवसानं भागायचं नाही, आठवडाभर वाचन घ्यायचं आणि शेवटच्या दिवशी मुलांनी स्वतः लिहिलेल्या कविता म्हणायच्या. तालुक्यातल्या बाकीच्या शाळांतले शिक्षक कपाळावर हात मारून बसले. मला मात्र मनातून गुदगुल्या झाल्या. कॉलेजात असताना मी कविता करायची. दोन वह्या भरल्या होत्या आणि त्या वह्या कुणी कधी मागितल्या नव्हत्या. मला वाटलं, आता आपला दिवस आला. आधी हेडसरांच्या मागं लागून कपाटाची किल्ली घेतली.

तो आठवडा चांगला गेला हे मला कबूल करायलाच हवं. नंतर जे झालं त्यानं तो आठवडा वाईट ठरत नाही. जेवणाची सुट्टी झाली की पोरं हात पुसत कपाटापाशी यायची. निंबाखाली सतरंजी टाकली होती. चौथीतलं एक आणि पहिलीतलं एक अशा जोड्या लावल्या होत्या, मोठ्यानं लहान्याला वाचून दाखवायचं. अक्षर न येणारी पोरं चित्रं बघून स्वतःचीच गोष्ट सांगायची आणि ती पुस्तकातल्या गोष्टीपेक्षा लांब असायची. सोमवारी दोन पुस्तकं फाटली, बुधवारी आणखी एक. हेडसर म्हणाले, "मॅडम, हे काही बराबर न्हाई." मी म्हटलं, "सर, फाटली म्हंजे वाचली." ते हसले.

गुरुवारी मी पोरांना कविता आणायला सांगितल्या. शुक्रवारी आल्या. कुणी पाण्याच्या टँकरवर लिहिलं होतं, कुणी नुसती घरातल्या माणसांची नावं एकाखाली एक मांडली होती. एकानं लिहिलं होतं, मला कविता येत नाही, पण माझी गाय काळी आहे. चौथीत एक मुलगी होती, नऊ वर्षांची, बारीक आणि कमी बोलणारी. तिची आई त्याच उन्हाळ्यात काविळीनं गेली होती. बाप जालन्याच्या सळईच्या कारखान्यात कामाला. समाजमंदिराच्या मागच्या गल्लीत, भाऊबंदांच्या आधारानं ती दोघं राहत. तिनं वहीचं पान फाडून, चार घड्या घालून माझ्या हातात दिलं. मी ते उभ्याउभ्याच उघडलं.

बाबाच्या फोनमधी आईचा नंबर हाये
लावला की एक बाई बोलती, ती आई न्हाई

पुढं आणखी सहा ओळी होत्या. ती फोनमधली बाई रोज तेच ते बोलते असं काहीतरी होतं. बाप झोपल्यावर ही पोर फोन लावून बघते, तेही होतं. शेवटी त्या बाईला एक प्रश्न विचारला होता. तो प्रश्न काय होता ते मला आठवत नाही. वाचून मी पाठ फिरवून फळा पुसला होता, एवढं पक्कं आठवतं.

त्याच दुपारी फोन आला. शेवटचा दिवस पुढच्या मंगळवारवर गेला होता आणि त्या दिवशी तालुक्याचे साहेब स्वतः आमच्या शाळेत येणार. माझं डोकं फिरलं ते तिथं. काळी गाय, टँकर, एकाखाली एक नावं आणि हा मेलेल्या आईचा फोन, हे सगळं मी साहेबांपुढं मांडणार होते का? हेडसरांनी मला काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यावर ढकलायला जागा नाही. घरी आले, माळ्यावरच्या माझ्या दोन वह्या काढल्या, आणि दोन दिवस बसून बावीस पोरांसाठी बावीस कविता तयार केल्या. काही जुन्याच होत्या, काही नव्या. फुलपाखरं, चांदोबा, झाडं, शाळा. सोमवारी पोरांना कार्डशीट दिली आणि त्यांच्याच अक्षरात उतरवून घेतल्या, अक्षर न येणाऱ्यांच्या चौथीतल्यांनी उतरवल्या. पोरांना काही वाटलं नाही. मॅडमनं सांगितलं की लिहायचं, एवढंच त्यांना माहीत होतं.

ती मुलगी तेवढी कार्डशीट घेऊन टेबलापाशी आली.

"मॅडम, माझी कविता?"

"तुझी फार छान आहे गं. पण सगळ्यांपुढं नको. म्हणताना तुला रडू येईल."

"मला न्हाई येणार."

"मग ऐकणाऱ्यांना येईल."

"मंग येऊ द्या ना," ती म्हणाली.

नऊ वर्षांच्या पोरीला जे कळत होतं ते मला कळलं नाही. मी थोडं आवाज चढवूनच म्हटलं, आनंदाचा दिवस आहे, ती माझ्याकडं राहू दे, मी जपून ठेवते. ती मान हलवून जागेवर गेली आणि माझी शाळेवरची कविता उतरवायला लागली. तिचं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं होतं, म्हणून तिला सगळ्यात लांब कविता दिली होती.

तीन वाजता हेडसर अंबडला जायला निघाले. मोटरसायकल चालू करून दारातूनच ओरडले, "मॅडम, यादी द्या जल्दी, दुकान बंद व्हईल." मी समोरच्या कागदांतला एक पाठकोरा ओढला आणि भराभर लिहिलं. शाल एक. श्रीफळ एक. गुच्छ दोन. हार एक. बिस्किटाचे पुडे सहा. चहापूड पाव. कपड्याचे चिमटे दोन डझन. सुतळी. कागदाची घडी आधीच पडलेली होती, त्या घडीवरच दुमडून मी सरांच्या खिशात घातला. ते गेले.

ती यादी मला आजही अशी तोंडपाठ आहे.

समारंभ देखणा झाला. ओसरीच्या खांबांना सुतळी बांधून त्यावर चिमट्यांनी बावीस कविता लटकवल्या. पुस्तकं बाकांवर मांडली. पोरांनी केसांना तेल लावलेलं, पोरींच्या वेण्यांना रिबिनी. साहेब आले, त्यांनी चष्मा लावून सुतळीवरच्या कविता ओळीनं वाचल्या आणि म्हणाले, "ग्रामीण मुलांमध्ये एवढी प्रतिभा!" मी लाजले. अगदी खरं लाजले. माझ्या कवितांना माझ्या आयुष्यात कुणी पहिल्यांदा चांगलं म्हणत होतं आणि ते माझ्या नावावर नव्हतं, तरीसुद्धा मला सुख होत होतं. त्या सुखाची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

शेवटी तिची पाळी आली. मी शिकवल्याप्रमाणं ती हात हलवून म्हणाली:

माझी शाळा हसरी शाळा
फुलपाखरांचा जणू मेळा

अशा सोळा ओळी. एकदाही अडखळली नाही. रडूही आलं नाही, कुणालाच. टाळ्या पडल्या. पहिला नंबर तिला मिळाला आणि साहेबांनी तिच्या हातात प्रमाणपत्र दिलं. तेव्हा मला दिसलं की पोरांच्या मागं, भिंतीला टेकून तिचा बाप उभा आहे. कारखान्यातून तसाच आला असावा, अंगावर कामाचाच शर्ट होता. तो हातानं डोळे पुसत होता.

नंतर तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "मॅडम, आमच्या घरात आजवर कुणी काई लिव्हलं न्हाई. माझ्या बापानं अंगठे उठवले, मी सही शिकलो. पोरीनं कविता लिव्हली. तिची माय असती तर..." ती बाजूला प्रमाणपत्र धरून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. सांगून टाकायला तेवढाच क्षण होता. मी म्हटलं, "हुशार आहे तुमची पोरगी." आणि साहेबांचा चहा बघायला गेले.

तिच्या कवितेचा कागद गेल्याचं दोन दिवसांनी लक्षात आलं. खण उपसला, हजेरीपट उलटेपालटे केले, मग एकदम यादीच्या कागदाची ती घडी आठवली. हेडसरांना विचारलं. "यादीचा कागद? तो दुकानातच राह्यला की. त्यानं खिळ्याला खोचला आसंल." दुकान अंबडच्या बसस्टँडसमोर होतं. आमच्या फाट्यापासून अर्ध्या तासाची बस. मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, रविवारी जाऊ, असं म्हणत आठवडा गेला आणि मग स्वतःला समजावलं की दुकानदार कुठला ठेवतोय आता. त्या मुलीनंही कागद मागितला नाही. मागितला असता तर मी काय सांगितलं असतं, देव जाणे.

तिच्यात एक फरक पडला. निबंध सांगितला की बाकीची पोरं वेडंवाकडं का होईना, लिहायला लागायची. ती वही उघडून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. म्हणायची, "मॅडम, तुम्ही सांगा, मी लिव्हते." मी म्हणायची, अगं तुझ्या मनचं लिही. ती मान हलवायची, जागेवर जायची आणि तास संपेपर्यंत सुवाच्य अक्षरात तारीख, वार आणि विषय एवढंच लिहून बसायची. चौथी संपेपर्यंत हे चाललं. मग ती पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली आणि माझी बदली टेंभुर्णीकडं झाली.

तिथल्या शाळेत मी दरवर्षी कवितेचा दिवस घेते. कपाटाला कुलूप नसतं. पोरांच्या कवितेतलं एक अक्षरही मी बदलत नाही, साहेब येवोत की आणखी कोणी. वाईट असतात बहुतेक. अलीकडं तर पोरं मोबाइलवरून उतरवून आणतात, तेही मी सुतळीला लटकवते. आणि दिवस संपला की प्रत्येक कागद घरी नेऊन ट्रंकेत ठेवते. दोन ट्रंका भरल्या. नवरा म्हणतो, रद्दीवाल्याला दे आता. मी त्याच्याशी त्यावरून इतकी भांडले आहे की तो विषय आता आमच्या घरात निघत नाही. त्याला कारण मी कधी सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानात अस्तराचं कापड घ्यायला गेले होते. ठाणं उलगडणाऱ्या मुलीनं मान वर केली आणि म्हणाली, "मॅडम, वळखलं का?" वीस वर्षांची झाली होती. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं. मी हो म्हटलं. अक्षरावरून ओळखलं असतं, चेहऱ्यावरून नाही, कोण ते तिलाच सांगावं लागलं. कापड मोजता मोजता ती बोलत होती. बापाची कंबर कामावर गेली, दोन वर्षं झाली तो खाटेवर आहे. "तुमची लई आठवण काढतेत. एकदा या ना मॅडम. बिलकुल वाईट वाटून घेऊ नका, पण त्यांचं आता काई खरं न्हाई."

एका रविवारी गेले. फाट्यावर ती न्यायला आली होती. घर तेच, एक खोली वाढवलेली. खाटेवर तिचा बाप इतका खंगलेला होता की मला नमस्कार करायलासुद्धा त्याला हात टेकावे लागले. खाटेसमोरच्या भिंतीवर, तो पडल्यापडल्या सहज बघू शकेल अशा उंचीवर, दोन चौकटी होत्या. एकीत प्रमाणपत्र. दुसरीत कार्डशीट, कडेनं पिवळी पडलेली. माझी शाळा हसरी शाळा.

"रोज वाचतो," तो म्हणाला. "सावकाश वाचतो, पण पुरी वाचतो. मंग मला झोप येती." मग लेकीकडं वळून म्हणाला, "म्हण की गं मॅडमपुढं. तुझी कविता म्हण."

मला वाटलं ती टाळेल. तिनं हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला, भिंतीला पाठ लावून सरळ उभी राहिली आणि म्हणाली. सोळाच्या सोळा ओळी. वीस वर्षांची पोरगी, हातांनी फुलपाखरं करत, मी शिकवलेले तेच हातवारे. बाप ओठ हलवून बरोबर म्हणत होता. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. कविता संपल्यावर त्यानं टाळ्या वाजवल्या, म्हणून मीही वाजवल्या.

परत फाट्यावर ती पोचवायला आली. बसला वेळ होता. निंबाच्या सावलीत आम्ही उभ्या होतो. मी बराच वेळ वाक्य जुळवत होते, शेवटी तसंच म्हटलं, "त्यांना तू कधी सांगितलं नाहीस?"

"काय सांगू मॅडम? त्यांना तीच आवडती." मग म्हणाली, "आईचा नंबर आजून हाये त्यांच्या फोनात. फोन तीनदा बदलला, पन नंबर टाकून घेतेत. आता तर तो दुसऱ्याच कुनाला दिलाय कंपनीनं. एक मानूस उचलतो."

"तुझी ती कविता," मी म्हटलं. "फोनची. तुला पाठ आहे का गं?"

"न्हाई ना. एकदाच लिव्हली व्हती. मंग तुमच्याकडंच दिल्ती ना." ती माझ्याकडं बघत होती, नऊ वर्षांची असताना बघायची तशीच, शांत. "तुम्ही म्हनल्या व्हत्या जपून ठिवते. हाये ना मॅडम?"

"हो," मी म्हटलं. "आहे. ट्रंकेत आहे."

तिचा चेहरा फुलला. त्या दिवसात पहिल्यांदाच. "लई बरं झालं. राहू द्या तुमच्याकडंच. बाबा गेले की मी येईन न्यायला. त्यांच्या पुढं नको ती, पन नंतर मला लागंल."

अंबडहून गाडी आली. मी चढले, खिडकीपाशी बसले, तिनं हात हलवला आणि मीही हलवला. जालन्यापर्यंत मी त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिले, तिसरी आपोआप येईल ह्या आशेवर. आली नाही. दर वेळी त्यांच्यापुढं शाल एक, श्रीफळ एक, गुच्छ दोन, हेच येत होतं.

तिचे वडील अजून आहेत. अधूनमधून तिचा फोन येतो. स्क्रीनवर तिचं नाव दिसलं की मी आधी घाबरते, मग उचलते.